काळी एकमधला विलाप

ख्रिस्ती हेवी मेटल वाजवणाऱ्या माणसाकडे दोन्हीकडचे लोक संशयानं पाहतात. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना वाटतं, याच्या अंगात काहीतरी शिरलंय. मेटलवाल्या पोरांना वाटतं, हा गिटारच्या आडून प्रवचन ठोकायला आलाय. अमडापुरात तिसराच प्रकार असतो. खांद्यावर गिटारची बॅग पाहिली की पारावरचा कुणीतरी विचारतो, "काऊन बाप्पा, लग्नाच्या सुपाऱ्या घेता का?" या तिघांपैकी खरं उत्तर मी फक्त तिसऱ्याला देऊ शकलो. हो, घेतो. माझं पोट त्या सुपाऱ्यांवरच चाललं.

या धंद्यातल्या यशस्वी मंडळींकडेही दोन्हीकडचे लोक असंच संशयानं पाहायचे. कॅलिफोर्नियाचा स्ट्रायपर हा बँड १९८०च्या दशकात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घालून मंचावर यायचा. नाव घेतलं होतं बायबलातल्या यशयाच्या ५३व्या अध्यायातल्या फटक्यांवरून. कार्यक्रमात ते प्रेक्षकांत नव्या कराराच्या प्रती फेकायचे. १९८६चा त्यांचा 'टू हेल विथ द डेव्हिल' अमेरिकेत दहा लाखांवर खपला. तरी टीव्हीवरचे प्रवचनकार त्यांच्यावर तुटून पडायचे आणि मेटलचे कट्टर चाहते त्यांची टवाळी करायचे. १९९०मध्ये त्यांनी पट्टे उतरवले, गाण्यांतला देव थोडा मागे सारला. मग भक्तही नाराज झाले. पुढं बँड फुटला, २००३मध्ये पुन्हा जुळला. लाखोंचा खप असलेल्यांची ही गत, तिथं चिखली तालुक्यातल्या एका गिटारवाल्यानं कुठल्या तोंडानं तक्रार करावी?

चिखलीहून खामगावकडे जाताना अमडापूर लागतं. बाहेरच्यांना ते बल्लाळदेवीमुळे माहीत असतं. माझ्या कानाचं शिक्षण या गावानं केलं: नवरात्रातली आरती, काकड्याची भजनं, पोळ्याला बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा कल्ला, लग्नसराईतला पितळी बँड. वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजलं. आमचं कुटुंब त्याच परंपरेतलं. रविवारी आम्ही एसटीनं चर्चला जायचो. तिथं इंग्रजी चालींवरची मराठी गीतं उभ्यानं गायली जायची आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला बसलं की तीच माणसं मांडी घालून टाळ-ढोलकीवर भजनं म्हणायची. आमच्या घरचे आबा पेटी वाजवायचे. सकाळच्या गाण्यात त्यांचा आवाज दबलेला असायचा. संध्याकाळी काळी एकमध्ये भजन लागलं की छप्पर उचलायचे.

या भजनांमागे नारायण वामन टिळक होते. १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं पुढं अहमदनगरकडे काम करताना ख्रिस्ताला अभंगाच्या छंदात आणलं. त्याआधी कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. अंगावर उपरणं, हाती चिपळ्या, पूर्वरंग-उत्तररंग सगळं रीतसर, आणि आख्यान येशूचं. देवळाची चाल चर्चमध्ये कशाला, असं म्हणणारे तेव्हाही होते. आज ती भजनं आमचा ठेवा आहेत आणि त्यांच्याविरुद्ध ब्र काढला तर आजीबाई काठी घेऊन मागे लागतील. गिटारवरून माझ्याशी वाद घालणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकिगत सांगत आलो. वाद संपत नाही, पण चहा येतो.

पहिली गिटार कोलकात्याची गिव्हसन होती, जुनी, मान थोडी वाकलेली. कॉलेजला पुण्यात गेलो आणि तिथं एका वर्गमित्राच्या खोलीवर कॅसेटमध्ये ब्लॅक सॅबथ ऐकला. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५मध्ये या बँडच्या गिटारवाल्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे ही तारा दाबणारी बोटं. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. पुढं तारांचा ताण कमी व्हावा म्हणून गिटार तीन पट्ट्या खाली उतरवली. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'मध्ये तो उतरलेला, जड आवाज ऐकू येतो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनवरून काळी एकवर. मी ते शोधून काढलं तेव्हा हसूच आलं. बर्मिंगहॅमच्या कामगारानं दुखऱ्या बोटांसाठी शोधलेली पट्टी हीच आमच्या आबांची भजनाची पट्टी होती. त्याच आल्बममध्ये 'आफ्टर फॉरएव्हर' नावाचं गाणं आहे, बास वाजवणाऱ्या गीझर बटलरनं लिहिलेलं, उघड उघड देवाच्या बाजूचं. ज्यांना लोक सैतानाचे भाट म्हणत होते त्यांनी ते केलं होतं. ख्रिस्ती मेटल हा मागाहून जोडलेला तुकडा आहे असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असं ज्यांना वाटतं त्यांना मी तंबोरा समोर ठेवून समजावतो. आमचा पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम, बाकी काही नाही. गंधार घेतच नाही. डिस्टॉर्शनमध्ये स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर निपजतात. षड्ज-पंचमाच्या जोडीतून निपजलेले स्वर जुळतात, कारण आधुनिक गिटारचा पंचम शुद्ध पंचमाला जवळपास चिकटून असतो. गंधार मात्र बराच चढा. तो त्या भट्टीत टाकला की राडा होतो. तंबोऱ्याला जवारी लावून आपले कारागीर जे साधतात, म्हणजे एका तारेतून स्वरांची अख्खी जत्रा उठवणं, तेच इथं वीज करते. आणि मेटलची ती भीतीदायक वळणं? कोमल रिषभ घेऊन षड्जावर कोसळणारी जी ओळ पाश्चात्त्य कानाला काळोखी वाटते, ती आपल्या भैरवीच्या घरची. जुन्या युरोपात ज्या अंतराला सैतानाचं नाव चिकटवलं गेलं ते म्हणजे षड्जापासूनचा तीव्र मध्यम. यमन ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात सैतान कुठून दिसणार?

खरं कौशल्य उजव्या तळव्यात असतं. तळव्याची कड गिटारच्या ब्रिजपाशी तारांवर टेकवून स्वर उठता उठता दाबायचा. श्रोत्याला जे जड, ठोस, लोखंडी वाटतं ते या दाबण्यातून येतं. उरलेल्या तारा डाव्या बोटांच्या पोटांनी गप्प ठेवायच्या. मोठ्या आवाजात वाजवणाऱ्याचं निम्मं लक्ष कुठली तार वाजू नये याकडे असतं. शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्यांदा हेच नको असतं. त्यांना झपाझप बोटं पळवायची असतात.

पुण्यात आम्ही चौघं जमलो. मी एकटा ख्रिस्ती. ड्रमवाला सांगलीकडचा, नास्तिक म्हणवणारा आणि संकष्टी न चुकवणारा. शब्दांवरून भांडणं व्हायची. विजयाचं, तारणाचं काही लिहून नेलं की तो म्हणायचा, "हे पोस्टर झालं, गाणं नाही." त्याचं बरोबर असायचं. मुंबईत १९८४मध्ये सुरू झालेला रॉक मशीन पुढं इंडस क्रीड झाला होता. १९८६पासून चाललेल्या इंडिपेंडन्स रॉकला धोबी तलावच्या रंगभवनात देशभरातून पोरं यायची. त्या मंचावर एकदा तरी उभं राहावं हे सगळ्यांचं स्वप्न. मग २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आले, शांतता क्षेत्राचा प्रश्न आला आणि रंगभवनातले असे कार्यक्रम बंद पडले. पलीकडे रुग्णालयं आहेत; तिथल्या रोग्याच्या जागी मी असतो तर मलाही तो निर्णय पटला असता. बंगळूरमध्ये 'स्लेन'सारखा उघडपणे ख्रिस्ती बँड उभा राहिला, मिझोराम-नागालँडकडे तर चर्चच्या गायनातूनच रॉकवाले घडतात. आमच्याकडे तेवढी माणसंही नव्हती, तेवढी चर्चंही नव्हती. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, बँड पांगला. मी गावी परतलो.

इथून माझी खरी कारकीर्द सुरू झाली आणि तिच्यात हेवी मेटल चवीपुरतं होतं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हिंदी गाणी वाजवली. गरब्यात वाजवलं. नाताळात चर्चच्या गायकवृंदाला साथ केली. दहावीच्या पोरांना पाच कॉर्ड शिकवून प्रेमात पडायला मोकळं केलं. मग डीजे आले आणि ऑर्केस्ट्राची सुपारी निम्म्यावर आली. वाजवणाऱ्या आठ माणसांपेक्षा एक लॅपटॉप यजमानाला स्वस्त पडतो, त्याचं गणित चूक नाही. तेव्हा मी साउंडची कामं घ्यायला लागलो. एका आयोजकानं रात्रभर वाजवून घेऊन पैसे बुडवले, दुसऱ्यानं पैशांऐवजी तुरीचं पोतं दिलं. तूर चांगली होती.

खेड्यात विजेची गिटार वाजवणं म्हणजे आधी वीज समजून घेणं. गिटारच्या पिकअपमधली तांब्याची गुंडाळी आजूबाजूची वीजही ऐकते. १९५५मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरनं उलटसुलट गुंडाळलेल्या दोन कॉइल जोडून ही घरघर मारणारा पिकअप बनवला, म्हणून मेटलवाले तोच वापरतात. पण अर्थिंगच नसेल तर तो तरी काय करणार? आपली वीज ५० हर्ट्झची. तिची घरघर दुपटीनं, १०० हर्ट्झवर जास्त जाणवते, म्हणजे खालच्या पांढऱ्या पाचच्या किंचित वर. पांढरी पाचमधलं गाणं असेल तर महावितरण आपल्याला बेसुरी साथ देतं. अर्थिंग नसलेल्या मंडपात गिटारच्या तारांवर हात आणि माइकला ओठ लागले की असा झटका बसतो की देव आठवतो. म्हणून मी टेस्टर आणि मीटर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. गरज पडली तर खड्डा खणून, सळई ठोकून, मीठ-पाणी ओतून अर्थिंग करून घेतो. भारनियमनाच्या वर्षांत थ्री फेज रात्री यायची, तेव्हा शेतकरी मोटार लावायला निघायचे आणि मी अँप लावायला. कमी दाबाच्या विजेवर अँप दम लागल्यासारखा वाजतो. तो आवाज मला इतका आवडला की पुढं चांगल्या विजेवर तोच काढायला धडपडलो.

चर्चशी माझं भांडण आवाजावरून कमी आणि भावनेवरून जास्त झालं. तक्रार मोठ्या आवाजाची असेल तर उपाय असतो. डेसिबलचा मीटर ठेवता येतो, रात्री दहानंतर कायद्यानंच बंद करावं लागतं. पण एका संमेलनानंतर तिथल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बेटा, तुझ्या वाजवण्यात राग आहे. राग देवापुढं नेऊ नये." माणूस प्रेमळ होता आणि त्यांचं निदान अचूक होतं. राग होताच. प्रश्न एवढाच होता की तो देवापुढं न्यायचा नाही तर कुणापुढं?

त्या दिवसांत मी बायबलातली स्तोत्रसंहिता सलग वाचायला घेतली. आपण चर्चमध्ये निवडक स्तोत्रं वाचतो, मेंढपाळाची, हिरव्या कुरणांची. सलग वाचली की कळतं, दीडशेपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. किती दिवस असं चालणार, तू तोंड का लपवलंस, माझे शत्रू का जिंकतात, असं देवाला धारेवर धरणारी गीतं. बहुतेक शेवटी आशेकडे वळतात. ८८वं वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, आणि तरी कुणी ते संहितेतून काढून टाकलं नाही. विलापगीत आहे, ईयोब आहे. शेवटच्या १५०व्या स्तोत्रात तर खणखणाऱ्या झांजाही आहेत. आमच्या गीतांच्या पुस्तकात स्तुती भरपूर, पश्चात्ताप भरपूर, सांत्वनही आहे. पण देवाला जाब विचारायला मात्र फार थोडी पानं.

आणि हे सगळं कुठं, तर बुलढाणा जिल्ह्यात. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यात आमचा जिल्हा होता. कापसाचा खर्च, कोरडवाहू जमीन, सावकाराचं व्याज, सोयाबीन काढायला आलं की कोसळणारा पाऊस. हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरातला कर्ता माणूस असाच गेला. घर ख्रिस्ती होतं. तेराव्याचा प्रश्न नव्हता, पण काही दिवसांनी प्रार्थना ठेवली. लोक आले, गायले, देवाची योजना असते म्हणाले, सगळं बरं होईल म्हणाले. त्या बाईचा चेहरा दगडासारखा होता. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा छोटा अँप होता. गिटार काळी एकवर उतरवलेली होतीच. मी ८८व्या स्तोत्राचा आशय साध्या मराठीत बांधला होता, बँडसाठी, कधी न वाजलेला. तो संथ गतीत वाजवला. कोमल रिषभ, षड्ज, पुन्हा कोमल रिषभ. आवाज लहान ठेवला, पण खरखर काढली नाही. शेवट जसा आहे तसाच ठेवला, वळवला नाही.

नंतर कुणी काही बोललं नाही. निघताना त्या बाईचा भाऊ चप्पल घालता घालता म्हणाला, "दादा, आज एकानं तरी 'सगळं बरं होईल' असं म्हनलं नाही. बरं झालं." इतक्या वर्षांत माझ्या वाजवण्यावर याहून मोठा अभिप्राय मला मिळालेला नाही. पाळकसाहेबांनी पुढच्या प्रार्थनेला मला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी, अशाच एका घरी, आपणहून फोन केला.

तेव्हापासून माझ्या कामाला एक आकार आला. सुपाऱ्या, शिकवण्या, साउंड हे पोटासाठी. रविवारी चर्चमध्ये स्वच्छ, गोड गिटार, कारण तिथं लोकांना गायचं असतं आणि माझं काम त्यांच्या आवाजाखाली जमीन धरून ठेवण्याचं. आणि वर्षातून काही प्रसंगी, बोलावणं आलं तरच, हे दुसरं वाजवणं. त्याचे पैसे मी घेत नाही. मोठेपणासाठी नाही, ते ठरवायला बसलो तर दर काय सांगणार? पुण्यातला ड्रमवाला एकदा गावी आला तेव्हा त्याला ते गाणं ऐकवलं. म्हणाला, "हे पोस्टर नाही." मग विचारलं, "पण तुझा देव काही उत्तर देतो का?" मी म्हटलं, ज्यानं हे स्तोत्र रचलं त्यालाही शेवटपर्यंत मिळालेलं दिसत नाही, तरी पहिल्या ओळीपासून तो बोलत त्याच्याशीच राहिला. विश्वास म्हणजे मला आता एवढंच समजतं.

शरीर आपली किंमत वसूल करतं. डाव्या मनगटात कळ येते, उजव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते. शंभर डेसिबलच्या आवाजात कानाला पंधरा मिनिटांहून जास्त ठेवू नये असं तज्ज्ञ सांगतात. आम्ही तासन्‌तास उभे राहिलो. आता पोरांना कानात बोळे घातल्याशिवाय अँपला हात लावू देत नाही. ते हसतात, मी ऐकत नाही. निम्मं खरोखरच ऐकू येत नाही.

हार्मोनियमवर आकाशवाणीनं १९४०पासून १९७१पर्यंत बंदी घातली होती, हे आबा नेहमी तिखट-मीठ लावून सांगायचे. परदेशी पेटी, मींड निघत नाही, स्वर आपले नाहीत, असे आक्षेप. त्याच काळात गावोगावच्या भजनी मंडळांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही, कारण त्यांना गाणं धरून ठेवायला काहीतरी हवं होतं आणि ती ते करत होती. वाद्याचा निकाल असाच लागतो. कुठून आलं यावरून काही काळ वाद होतो, मग ते कुणाच्या उपयोगी पडलं यावर ते टिकतं किंवा जातं. विजेच्या गिटारनं आमच्या चर्चमध्ये अजून तेवढं कमावलेलं नाही. कमावेल की नाही हे वाजवणाऱ्यांवर आहे.

हल्ली एखादा पोरगा मोबाइलवर काहीतरी दाखवत येतो आणि म्हणतो, सर, मला हेच करायचंय, ख्रिस्ती मेटल. मी त्याला घाबरवत नाही आणि फुगवतही नाही. सांगतो, ही नोकरी कुठंच नाही. आधी अर्थिंग शिक, मग तळव्यानं तार दाबायला शिक, मग पाच भजनं काळी एकमध्ये पेटीसोबत वाजव. दीडशेच्या दीडशे स्तोत्रं वाच, आवडतील तेवढीच नको. लग्नाची सुपारी आली तर घे, नाक मुरडू नकोस. आणि ज्या घरी बाकीचे सगळे सांत्वन करायला जातात तिथं तुला कुणी बोलावलं, तर गाण्याचा शेवट गोड करायचा मोह आवर. त्या घरातल्या माणसांना देवाशी भांडायला सोबत हवी असते; ती तू दे, समेट त्यांचा ते करतील.